मंजिष्ठा म्हणजे अलिझरीन नव्हे

प्रश्न : माशांच्या सांगाड्याच्या रंजनाची (म्हणजे हाडं रंगवून दाखवण्याची) कृती मराठीत लिहिताना ‘अलिझरीन’ या लाल रंगद्रव्याला ‘मंजिष्ठा’ म्हटलं तर चालेल का? आणि कार्टिलेजला, म्हणजे नाककानांतल्या लवचीक हाडाला, ‘कूर्चा’ लिहावं की ‘उपास्थी’?

नाही चालणार. हल्ली सर्रास तसं लिहितात; एखादा बिचारा खरंच काष्ठौषधींच्या दुकानातून पूड घेऊन यायचा. लागतं ते अलिझरीन रेड एस, म्हणजे अलिझरीनचं पाण्यात विरघळणारं सल्फोनेट. अलिझरीन भरपूर असतं रुबिया टिंक्टोरम या विलायती बहिणीत. आपली मंजिष्ठा रुबिया कॉर्डिफोलिया. तिच्या मुळांत भर पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन या दुसऱ्या रंगद्रव्यांवर.

मुंजिस्टिन! जरा मोठ्यानं म्हणून पाहा. मंजिष्ठेचं ‘मंजीठ’ झालं, इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याचं ‘मुंजीत’ केलं आणि रसायनशास्त्रज्ञांनी त्याला शेपूट लावलं. मूळ शब्द ‘मंजु’चं तमभावी रूप : लघु-लघिष्ठ, पटु-पटिष्ठ, तसं मंजु-मंजिष्ठ. सर्वांत देखणी, असं नाव एका मुळीला!

‘अलिझरीन’पाशी मात्र कोश एकामागून एक अरबी ‘अल्-उसारा’, म्हणजे पिळून काढलेला रस, असं सांगतात. मला पटत नाही. फ्रेंच व्यापारात ‘अलिझारी’ म्हणजे अख्खं वाळकं मूळ. दळलं की ते ‘गारांस’. यात रस कुठून आला? ध्वनी जुळला की अर्थ वाकवायचा, ही कोशकारांची जुनी खोड.

लाल हाडांची नोंद लंडनच्या जॉन बेल्चियर या शल्यवैद्याची, 1736 सालची. कापड छापणाऱ्याच्या डुकरांनी विलायती मंजिष्ठेच्या रंगात भिजलेला कोंडा खाल्ला. हाडं लाल झाली, मांस नाही. रंग कॅल्शियमला धरतो, म्हणून.

आणि म्हणूनच कृतीत घोटाळा होतो तो आम्लाचा. कूर्चेसाठी आधी अल्शियन ब्लू हा निळा रंग : 10 मिलिग्रॅम रंग, 80 मिलिलिटर 95 टक्के अल्कोहोल, 20 मिलिलिटर ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ निर्जल) अ‍ॅसेटिक आम्ल. लहान माशाला एक दिवस पुरतो. जास्त रेंगाळलात तर आम्ल हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं आणि पुढचा लाल रंग चढतच नाही. मासे टिकवायचं फॉर्मॅलिन जुनं आणि बफर (आम्लता रोखणारं द्रव्य) न घातलेलं असेल, तर तेही हाच उद्योग करतं. मग उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात, बोरॅक्सच्या द्रावणातल्या ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकरानं मांस पारदर्शक, आणि त्यानंतर अर्धा टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अलिझरीन रेड एस, द्रावण गडद जांभळं होईल इतकंच. शेवटी ग्लिसरीन, बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचा खडा.

हो, कूर्चा. तेच लिहा. ‘उपास्थी’ हिंदीत शोभतो. सुश्रुतानं नाककानांतल्या या हाडांना ‘तरुण’ म्हटलं होतं; तो शब्द आपण का टाकला, देव जाणे.