पट्टा पडला, टोळ्या आल्या, पप्पा आले नाहीत

"मॅडम, लेकराला काय सांगू? बाप जेलात आहे म्हणलं तर मनावर घेईल ना?" घरातलं माणूस आत गेलं की हा प्रश्न हमखास येतो. बीड जिल्ह्यातल्या एका आईनं तो विचारला, तेव्हा ती लेकराला आधीच सांगून बसली होती, "पप्पा ऊसतोडीला गेलेत, कर्नाटकात." अटक दिवाळीच्या सुमाराला झालेली, निम्मं गाव तोडीला निघालेलं, त्यामुळं ते खपलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पण पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपला, की तोडीच्या टोळ्या परततात. ट्रॅक्टरमधून गाठोडी उतरू लागली तसं नऊ वर्षांचं पोरगं रोज फाट्यावर जाऊन बसू लागलं. आलेल्यांना विचारायचं, "आमचे पप्पा कोणत्या मुकादमाकडं हायेत?" लोक नजर चुकवायचे. शेवटी शाळेत एका पोरानं सांगून टाकलं. मग मारामाऱ्या सुरू झाल्या, रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं.

माझं मत स्पष्ट आहे: सांगा, आणि घरच्यानंच सांगा. एवढ्या वयाच्या लेकराच्या कानावर अर्धंमुर्धं आलेलंच असतं. उरलेलं ते मनानं रचतं आणि बऱ्याचदा दोष स्वतःकडं घेतं. या पोराला वाटत होतं, आपण सायकलीचा हट्ट धरला म्हणून पप्पा गेले.

आईकडून वाक्यं म्हणून घेतली. "पप्पांवर केस आहे. ते बीडच्या जेलात आहेत. निकाल जजसाहेब देतील, कधी ते मला माहीत नाही. तुझ्यामुळं काही झालं नाही." गुन्ह्याची चर्चा नको आणि 'पुढच्या महिन्यात सुटतील' हे तर अजिबात नको, जामीन फेटाळला की आईच खोटी ठरते.

पोरानं एवढंच विचारलं, "तिथं पंखा हाय का?" आई म्हणाली, "भेटीत विचारून सांगते." आणि तिनं सांगितलंही.

निकालाला त्याला कोर्टात नेलं नाही. तो आरडाओरडा, बंदोबस्त लेकरानं कशाला बघायचा? पण मोबाइलवर बातमी फिरायच्या आत कोण सांगणार, हे आदल्या दिवशीच ठरवलं. शिक्षा लागली, बापाला हर्सूलच्या मोठ्या जेलात हलवलं. भेटीला नेण्याआधी आईनं झडती, रांग, लांबूनच बोलणं, सगळं सांगून ठेवलं. जाणं जमत नाही तेव्हा ई-मुलाकातीची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून भेटीची, सोय आहे.

पैशाचंही बोलावं लागतं. बालसंगोपन योजनेत अशा लेकरांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. 'वडील तुरुंगात' असं लिहावं लागेल म्हणून ही बाई दोनदा परत आली, मग भावाला सोबत घेऊन गेली.

मारामाऱ्या थांबल्या. अंथरूण मात्र भेटीच्या आदल्या रात्री अजून ओलं होतं. त्यावरून पोराला टोचू नका, हे आजीला वेगळं बसवून सांगावं लागलं.