परड्यात पडलेल्या फणसाच्या फळ्या घरीच काढायच्यात

प्रश्न : आमच्या परड्यातला जुना फणस पावसात मुळासकट पडला. खोड ७ फूट लांब, मधे २६ इंच जाड. वखारीत न्यायचं तर परड्यापर्यंत टेम्पो येत नाही. माझ्याकडे ५८ सीसीची चेनसॉ आहे, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) २२ इंची, आणि गावातला फॅब्रिकेशनवाला मिलची फ्रेम (चेनसॉला बसवून लाकडावरून सरकवत फळ्या कापायची चौकट) बनवून द्यायला तयार आहे. एकसंध फळीचं डायनिंग टेबल होईल का? मशीन झेपेल का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आधी कागदाचं सांगतो. फणस आपल्याकडे १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, आंबाही आहे, त्यामुळे झाड आपोआप पडलेलं असलं तरी फोटो काढून ठेवा आणि करवत लावायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, फळ्या गावाबाहेर न्यायच्या असतील तर वाहतूक पासचंही तेव्हाच विचारून घ्या.

आता टेबल. २६ इंच एकसंध निघणार नाही. फ्रेमचे क्लॅम्प बारची ४-५ इंच लांबी खातात, टोकाच्या चाकावर तर क्लॅम्प आवळायचाच नाही, म्हणजे तुमच्या हातात १७ इंच काप उरतो. मोठा बार घ्याल तर ५८ सीसीचं इंजिन एवढ्या रुंदीत दमेल, फणसाचं लाकूड ओलं असताना चीकही असतो. मी तुमच्या जागी असतो तर ओंडक्याचे चार भाग केले असते. लाइनदोरीने रेघ मारायची, वरून १३ इंच खोल काप, मग ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने तेवढाच, दोन अर्धे झाले की तसेच चार. ओंडक्याला दोन्हीकडून पाचर मारूनच करा, फिरला तर पाय सापडतो. अशा चौथाईतून साधारण १२ इंचांपर्यंतच्या फळ्या मिळतात, त्या कमी वाकतात, आणि जिथून चीर जाते तो मधला गाभा काढून टाकता येतो. दोन फळ्या जोडल्या की टेबलाला २ फूट रुंदी होते, आणि फणसाचा पिवळा रंग पुढे तांबूस होत जातो तेव्हा जोड फारसा दिसत नाही.

खरी मेहनत पहिल्या कापावर घ्या, फ्रेम साधी असली तरी चालते. हाताने कापलेली बाजू लाटांसारखी असते आणि मिल त्याच लाटा खालच्या प्रत्येक फळीत उतरवते. म्हणून पहिल्या कापाला त्यावर १ इंची चौकोनी पाइपांची सरळ शिडी स्क्रूने बसवा, फ्रेम तिच्यावरून सरकवा, दोन्ही टोकांना लेव्हल लावून एकसारखी करा, टोकांचा फरक म्हणजे पीळ. स्क्रू कापाच्या वरच संपले पाहिजेत, चेनला लागता कामा नयेत. परड्यातल्या झाडात जुने खिळे, कपड्याच्या तारेचे हूक असतातच, साल काढून आधी शोधा.

चेनही उभ्या कापाची हवी. बाजारातली चेन आडव्या कापासाठी ३० अंशाला घासलेली असते, रेषांच्या दिशेने ती हळू जाते आणि तापते. कानशीने १० अंशाला आणा, आणि दर दोन फळ्यांनंतर पुन्हा घासा, कंटाळा आला तरी. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली समजा. पेट्रोलमधे ऑइल कंपनी सांगते तेवढंच (५०:१ म्हणजे लिटरला २० मिली). काप लांबत जातो तेव्हा मागे लाकडी पाचरी घालत जा नाहीतर फळी बारवर बसते, आणि काप संपला की मशीन लगेच बंद करू नका, एक मिनिट आयडलवर चालू द्या. कानाला इअरमफ, डोळ्यांना चष्मा, नाकावर मास्क, हे न घालता सुरूच करू नका, आणि एकट्याने तर अजिबात नको. प्रत्येक कापात ८-९ मिलीमीटर लाकूड भुश्यात जातं, ते वेगळं धरा, आणि फळी सव्वादोन इंच जाड काढा, वाळून आणि रंधून पावणेदोन हातात येईल.

२०२०च्या निसर्ग वादळानंतर मी आंब्याच्या फळ्या काढून ताडपत्रीखाली रचून ठेवल्या होत्या, हवा नसल्यामुळे त्या काळ्या पडल्या आणि कीड लागली, निम्म्या चुलीत गेल्या. तुम्ही टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट लावा, फळ्यांमधे दीड-दीड फुटावर सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या ठेवा, खालच्या पट्टीच्या बरोबर वर वरची, आणि वर वजन. पत्र्याच्या शेडमधे, चारी बाजूंनी मोकळं. कोकणातल्या हवेत इंचाला वर्ष असा हिशेब धरा, म्हणजे सुताराला दोन वर्षांनी बोलवा.