कोणत्या तोंडाने उपासनेला जाऊ?

ख्रिस्ती कुटुंबांसोबत समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार समोर येतो. आजारपण, नोकरी जाणे किंवा घरातल्या कर्त्या माणसाचा मृत्यू अशा काळात मंडळी, म्हणजे चर्चमधील विश्वासणाऱ्यांचा समुदाय, धावून येते, पैसा आणि वेळ दोन्ही देते, आणि संकट ओसरू लागल्यावर ज्यांना मदत मिळाली तीच माणसे उपासनेला येईनाशी होतात. त्यांना कोणी दुखावलेले नसते आणि त्यांचा विश्वासही उडालेला नसतो. ‘एवढे सगळ्यांनी केले, त्याची परतफेड माझ्याच्याने होणार नाही, मग त्यांच्यासमोर उभी तरी कशी राहू?’ असे त्यांचे म्हणणे असते. पुढील अनुभव अशाच एका बाईंचा आहे. त्यांची संमती घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो येथे मांडत आहे.

या बाई अनेक वर्षे मंडळीतील शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवत असत. कोणाच्या घरी आजारी माणूस असला की भेटीला पहिल्यांदा त्याच पोहोचत. पुढे त्यांच्या पतीला अर्धांगवायूचा झटका आला आणि घरातील मिळकत थांबली. मंडळीतील माणसांनी रुग्णालयात रात्री वाटून घेतल्या, मुलांचे शुल्क भरले, काहींनी रोख रक्कम दिली. पती काठीच्या आधाराने चालू लागल्यावर सर्वांना हायसे वाटले. बाई मात्र तेव्हापासून घराबाहेर पडेनाशा झाल्या. रविवारी काही ना काही कारण निघे. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) भेटायला आले की त्या आतल्या खोलीत थांबत आणि पतीला बोलू देत. शेवटी त्यांच्या बहिणीने त्यांना माझ्याकडे आणले.

अशा वेळी बायबलमधील वचने सांगण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. या बाईंना तर ती माझ्यापेक्षा अधिक पाठ होती. प्रथम मी त्यांची झोप, भूक आणि दिवसभरातील मन:स्थिती यांविषयी विचारले आणि त्यानंतर सरळ विचारले की, ‘आपण नसतो तर बरे झाले असते,’ असे कधी मनात येते का? हा प्रश्न टाळून चालत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये आत्महत्येविषयी जी उपपत्ती मांडली, तिच्यात आपण इतरांवर भार झालो आहोत ही भावना आणि आपण कोणाचेच नाही ही भावना या दोहोंना मध्यवर्ती स्थान आहे. या बाईंच्या बोलण्यात पहिली उघड दिसत होती आणि मंडळीपासून दूर राहून त्या दुसरीला आमंत्रण देत होत्या. जीव द्यावा असा विचार मनात आलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. झोप मात्र बरेच आठवडे बिघडलेली होती, म्हणून त्यांना वैद्यकीय तपासणी करून घेण्यास सांगितले आणि आमच्या भेटी सुरू ठेवल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक वही आणली. कोणी किती रात्री जागून काढल्या, कोणी किती रक्कम दिली, कोणी औषधे आणून दिली, हे सारे तारखांसह त्यात लिहिलेले होते. एकेक नोंद फेडून ती खोडायची, असा त्यांचा संकल्प होता, आणि तोवर उपासनेत बसण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. ‘देव कृपेने तारतो हे मी मुलांना शिकवत आले,’ त्या म्हणाल्या, ‘पण माणसांचे तसे नसते ना!’

त्यांच्या त्रासाचे मूळ या वाक्यात होते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, हे कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळालेले देवाचे दान आहे आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी मिळालेले नाही, असे सांगितले आहे. बाईंचा यावर पूर्ण विश्वास होता, पण तो मरणोत्तर जीवनापुरता होता. सोमवार ते शनिवार त्या कमाईच्या हिशेबानेच जगत होत्या. आजवर हे ध्यानात आले नव्हते, कारण त्या नेहमी देणाऱ्या बाजूला होत्या.

ती वही फेकून द्या, असे मी सांगितले नाही. उलट आम्ही ती ओळीने वाचली आणि उसने घेतलेले कोणते व भेट म्हणून मिळालेले कोणते, हे त्यांना वेगळे करायला लावले. एका कुटुंबाने दिलेली रक्कम खरोखर उसनी होती आणि परत करण्याचे ठरले होते. ती फेडलीच पाहिजे. कृपेच्या नावाखाली देणे बुडवण्यात भक्ती नाही. त्या कुटुंबाशी बोलून हप्ते ठरवावेत, असे आम्ही योजले. बाकी सर्व नोंदी भेटींच्या निघाल्या. त्यांपुढे काय लिहावे हे त्यांना सुचेना.

मग मी विचारले की, आजवर तुम्ही ज्यांच्या उशाशी बसलात त्यांची वही तुमच्याकडे आहे का? त्या चटकन म्हणाल्या, ‘छे, तसले मी कधी मोजले नाही.’ थोड्या वेळाने स्वतःहून त्यांनी जे सांगितले ते अधिक खरे होते. मोजले नव्हते, पण त्यात एक समाधान होते: मला कोणाची गरज पडत नाही, इतरांना माझी पडते. हे कबूल करताना त्यांना फार लाज वाटत होती. माझ्या मते त्यात लाजण्याजोगे विशेष काही नव्हते. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ इतकी वर्षे केलेल्या चाकरीचा दाखला बापाला देतो, तेव्हा तोही वही उघडूनच उभा असतो, आणि तरीही बाप त्याची समजूत काढायला घराबाहेर येतो.

वाचनासाठी मी त्यांना एकच भाग सुचवला: फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. तो मदत घेणाऱ्याच्या जागी बसून वाचा, एवढेच सांगितले. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तंबू तयार करून स्वतःच्या हातांनी पोट भरणारा मनुष्य होता, आणि करिंथकरांना त्याने आपण तुमच्यावर भार घातला नाही असे लिहिले आहे. तोच पौल बंदिवासात असताना फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत मोकळेपणाने स्वीकारतो, देण्याघेण्यात तेच आपले भागीदार झाले असे नमूद करतो, आणि फेडीचे स्वतःचे एकही वचन देत नाही. माझा देव तुमची गरज पुरवील, असे मात्र म्हणतो. बाईंनी हा भाग पूर्वी कित्येकदा शिकवला होता. पौलालाही हे अवघड गेले असेल का, असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

मानसशास्त्रातही याला दुजोरा देणारे काम आहे. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की देणारा परतफेडीची जितकी अधिक अपेक्षा ठेवतो, तितकी घेणाऱ्याच्या मनातील ऋणाची भावना वाढते आणि कृतज्ञता घटते. या दोन भावना बाहेरून सारख्या दिसत असल्या तरी कृतज्ञता माणसाला उपकारकर्त्याजवळ नेते आणि ऋणाची भावना त्याची नजर चुकवायला लावते. म्हणून मी बाईंना विचारले की, तुमच्या मंडळीत खरोखर कोणी अपेक्षा ठेवली होती का, की ती तुम्ही त्यांच्या वतीने गृहीत धरली आहे?

उत्तर मी कल्पिले होते तितके सोपे निघाले नाही. बहुतेकांनी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती. परंतु एका प्रार्थना सभेत त्यांच्या घरची आर्थिक स्थिती आणि पतीच्या आजाराचे खासगी तपशील, त्यांना न विचारता, प्रार्थनेची विनंती म्हणून सर्वांसमोर सांगितले गेले होते. ते त्यांच्या मनाला लागले होते, आणि मदत घेतली आहे म्हणजे तक्रार करण्याचा हक्क नाही, असे समजून त्यांनी ते गिळले होते. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हा जो दानधर्माविषयीचा ख्रिस्ताचा उपदेश मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, तो ज्याला दान मिळते त्याच्या अब्रूचेही रक्षण करतो, हे मंडळ्या विसरतात. मी त्यांना पाळकांशी याविषयी बोलण्याचा आग्रह केला. मदत स्वीकारली म्हणून स्वाभिमान गहाण पडत नाही. त्या बोलल्या. पाळकांनी क्षमा मागितली आणि यापुढे कोणाच्याही संमतीशिवाय अशी विनंती मांडायची नाही, असे ठरवले. बाईंच्या मनावरचा निम्मा भार बहुधा या एका संभाषणाने उतरला.

उपासनेला परत जायचे ठरल्यावर त्यांनी लगेच शब्बाथ शाळेचा वर्ग पुन्हा हाती घेण्याची तयारी दाखवली. मी त्यांना थांबवले. सेवा वाईट नव्हती, पण त्या क्षणी ती वहीतील नोंदी खोडण्याचेच साधन ठरली असती. काही काळ कोणतेही काम न घेता केवळ बाकावर बसावे, प्रभुभोजन घ्यावे, कोणी विचारपूस केली तर खरे उत्तर द्यावे, एवढीच तयारी करण्यास सांगितले. येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने ‘माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ असे म्हटले होते, याची आठवण त्यांनीच मला करून दिली आणि हसल्या. पहिल्या रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादापूर्वीच निघून आल्या. पुढे त्या थांबू लागल्या. उसन्या रकमेचे हप्ते नियमाने जात आहेत, आणि पतीला व्यायामासाठी नेणाऱ्या तरुणाला नकार देण्याऐवजी त्या आता वेळ ठरवून देतात.

काही गोष्टी अजून अवघड आहेत. कोणी अचानक घरी आले की त्यांचा जीव दडपतो, आणि नवी मदत आली की पहिला शब्द ‘नको’ असाच निघतो. अलीकडे पाळकांनी वर्गाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी पुढील वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. मीही त्यांना त्याविषयी विचारलेले नाही.