चुकलं तरी खाता येईल असंच निवडा

गोपाळकाला पंधरा दिवसांवर आलाय आणि बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मुलं घरात आणि त्यातही ओट्याभोवती. या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मी पोळ्या करायला लागले की तिलाही काहीतरी ‘खरं खरं’ करायचं असतं. गॅसजवळ येऊ द्यायची भीती वाटते. सुरुवात कशापासून करू? (एक आई, नाशिक)

कालच्या उरलेल्या पोळ्यांपासून करा. 2 पोळ्या, 2 मोठे चमचे बारीक चिरलेला गूळ, 2 चहाचे चमचे साजूक तूप आणि चिमूटभर वेलची पूड. मिक्सरमधून फिरवलं तर काम दोन मिनिटांत होईल, पण तो मोह टाळा. तिला परात घेऊन जमिनीवर बसवा आणि हातानेच कुस्करू द्या. कडा चिवट असतात, मधला पापुद्रा पटकन सुटतो, हे बोटांनाच कळतं. गूळ घातल्यावर आधी सगळं मोकळंच राहतं. मग तळहाताची ऊब लागून गूळ सैलावतो आणि चुरा एकमेकांना धरायला लागतो. त्या क्षणी मुलांचा चेहरा बघा! लाडू फुटायला लागला तर अजून थोडं तूप लागेल, पण किती ते तिलाच ठरवू द्या.

एक कळकळीची विनंती आहे. तिचा वाकडा लाडू हातात घेऊन नीट वळून देऊ नका. मुलांना ते लगेच कळतं आणि मग तो लाडू त्यांचा राहत नाही. पहिला पदार्थ निवडताना मी एकच गोष्ट बघते, तो चुकला तरी खाता आला पाहिजे. हा वळलाच नाही तर मलिदा म्हणून वाटीत घेऊन खायचा. आणि पहिली वाटी कोणाला, हेही तीच सांगेल.

मी चौथीत आहे. पावसामुळे रविवारी माझे चार मित्र आमच्याकडेच खेळायला येतात. मला त्यांना माझ्या हातचं काहीतरी द्यायचंय. भेळ नको, ती सगळेच करतात. (रत्नागिरी)

मग तू दडपे पोहे कर. रत्नागिरीत नारळाला काय तोटा! नारळ फोडायचं आणि खवायचं काम मात्र मोठ्यांचं. ते फोडत असताना तू खाली पातेलं धर, कारण ते पाणी आपल्याला हवंय.

पाच जणांसाठी 5 वाट्या पातळ पोहे, 1 वाटी ओलं खोबरं, 1 मोठा कांदा, मूठभर कोथिंबीर आणि 1 लिंबू. मीठ 1 चहाचा चमचा, साखर 2. पोहे पातळच हवेत, जाड्या पोह्यांना हे जमत नाही. पावसात ते सादळले असतील तर कोणाकडून तरी कढईत मंद आचेवर जरा परतून घे आणि गार होऊ दे.

कांदा मोठ्यांकडून बारीक चिरून घे. त्यात मीठ, साखर आणि कोथिंबीर घालून हाताने छान चुरड आणि पाच मिनिटं थांब. वाटीच्या तळाशी पाणी दिसेल. ते तू घातलेलं नाहीस, मिठाने कांद्यातून ओढून बाहेर काढलंय. आता त्यात पोहे आणि खोबरं घाल, लिंबू पिळ, नारळाचं पाणी थोडं थोडं शिंपड आणि कालव. एकदम ओतलंस तर लगदा होईल. पोहे हाताला दमट लागले की पुरे. मग तळव्याने दाबून बसव, वर ताटली ठेव आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. 15 मिनिटं दडपून ठेवायचे, म्हणून ते दडपे पोहे.

मिरची हवी असेल तर कात्रीने कापून शेवटी घाल आणि चमच्याने ढवळ. नंतर हात साबणाने धू, तो हात डोळ्याला लागला तर रविवार रडण्यात जाईल. वाढताना वर भाजलेला पोह्याचा पापड चुरडून टाक. फोडणी नसली तरी चालतं. आणि हे पोहे लगेच संपवा, दमट हवेत ओलं खोबरं फार वेळ टिकत नाही.

मुलं काही करायला गेली की घरभर सांडलवंड होते. उपाय सांगा. (पुणे)

ओटा तुमच्या उंचीचा असतो, त्यांच्या नाही. टाचा उंचावून काम केलं तर सांडणारच. खाली जुनी चादर, तिच्यावर मोठी परात, आणि जिन्नस आधीच वाट्यांमध्ये काढलेले. शेवटी चादर झटकण्याचं काम मुलांचं.

मुलीला वर्गात वाटायला स्वतः केलेले दाण्याचे लाडू न्यायचेत. नेऊ द्यावेत का? (एक बाबा, ठाणे)

आधी वर्गशिक्षिकांना विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला एक घासही जिवावर बेतू शकतो. माझ्या मते डाळ्याचे लाडू जास्त बरे. 1 वाटी डाळ्याचं पीठ, अर्धी वाटी पिठीसाखर आणि लागेल तसं पातळ तूप, साधारण पाव वाटी. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे गॅस लागतच नाही. पण त्याबद्दलही विचाराच. डबा उघडल्यावर “यात डाळं, तूप आणि साखर आहे” हे मुलीने स्वतः सांगायचं, तशी सवय लावा. दुसऱ्याला खाऊ घालताना त्यात काय आहे ते सांगणं हाही स्वयंपाकाचाच भाग आहे.

आमच्या सोसायटीत 25 मुलं आहेत. यंदा काला मुलांनीच करावा असं ठरलंय. कसं जमवायचं? (नवी मुंबई)

फार छान ठरवलंत! काला म्हणजे मुळात कालवणं. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र केल्या आणि सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही काला होतो आणि गावोगावचे सप्ताह काल्याच्या कीर्तनाने संपतात. तेव्हा वर्गणी काढून सामान आणू नका. प्रत्येक मुलाने घरून एकच जिन्नस आणायचा. एकाने पोहे, दुसऱ्याने ज्वारीच्या लाह्या, कोणी दही, काकडी, डाळिंबाचे दाणे, लिंबाचं गोड लोणचं, किसलेलं आलं. चणाडाळ आणणाऱ्याने ती 4-5 तास भिजवलेली हवी.

पोहे भिजवून, निथळून त्यात बाकीचं सगळं आधी कालवून घ्या. दही वाढायच्या 10 मिनिटं आधी आणि लाह्या अगदी शेवटी. कालवायला दोन मोठ्या मुलांना बसवा, लहानांकडे वाढप द्या. द्रोणात किती घातलं म्हणजे शेवटच्यालाही पुरेल, हा हिशोब त्यांचा त्यांना करू द्या.

मुलगा 12 वर्षांचा आहे. त्याला फोडणी शिकवू का? (कोल्हापूर)

शिकवा, पण तुम्ही शेजारी उभे राहून. आधी गॅस बंद ठेवून सगळ्या हालचाली करून घ्या. कढल्याचा दांडा आतल्या बाजूला, अंगात सुती कपडे, बाह्या आखूड. तेल अंगावर उडतं ते पाण्यामुळे. कढीपत्ता ओला असला की पाण्याची झटकन वाफ होते आणि ती तेलाला घेऊन उसळते. म्हणून पाने पुसून कोरडी करायची, आणि तेल तापल्यावर आच कमी करून मोहरी घालायची. तडतड थांबेपर्यंत धीर धरायला लावा. चटका बसलाच तर भाजलेली जागा नळाच्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. मोठा फोड आला किंवा चेहऱ्यावर भाजलं तर डॉक्टरांकडे न्या.

पहिली फोडणी खमंग काकडीला द्यायला सांगा. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर, कोथिंबीर. फोडणीत मोहरी, हिंग आणि मिरची. मीठ मात्र पानं मांडल्यावर घालायचं, नाहीतर पाणी सुटेल. का सुटतं ते त्याला विचारून बघा. नाही सांगता आलं तर वर रत्नागिरीच्या मुलाला दिलेलं उत्तर वाचायला द्या.