‘पानी’ म्हणणारी आजी

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमाच्या शाळेत. सासूबाई बार्शीकडच्या, सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मी नोकरी करते, त्यामुळे शाळा सुटल्यावर लेक आजीपाशीच असते. वक्तृत्वाच्या तयारीत ती ‘पानी’, ‘आनि’, ‘म्हनून’ असं बोलली, तेव्हा तिच्या बाईंनी वर्गासमोर विचारलं, ‘‘घरी असं कोण बोलतं?’’ तेव्हापासून ती आजीला चारचौघांत बोलू देत नाही. परवा आजी पालकसभेला येते म्हणाल्या, तर ही रडायलाच लागली. सासूबाईंना सांगू का, की मुलीशी जरा शुद्ध बोलत जा? — एक आई, पिंपरी

उत्तर : नका सांगू. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून होईपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बोलून बसाल.

मी माण तालुक्यातली. १९७६ साली पुण्यात कॉलेजला आले. पहिल्याच आठवड्यात उठून कविता वाचायची वेळ आली आणि मी ‘कोणी’चं ‘कोनी’ वाचलं. पुढच्या बाकांवर हसू फुटलं. सर रागावले नाहीत, त्यांनी तो एक शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतला. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर ‘पाणी, लोणी, गाणी, कोणी’ घोकत बसायची. उच्चार आला. सुट्टीत घरी गेले, आई म्हणाली, ‘‘आदी पानी घे,’’ आणि माझ्या कपाळाला आठी पडली. आईनं ती पाहिली. त्यानंतर माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या, की ती चहा ठेवून मागच्या दारी जाऊन बसायची. आई जाऊन बारा वर्षं झाली. तिला असं गप्प कोणी केलं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या लेकीचं रडणं मला फार जवळचं वाटलं.

आता त्या ‘ण’बद्दल. संस्कृतात शब्द आहे पानीय. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला. प्राकृतचा जुना व्याकरणकार वररुची, त्यानं तर ‘नो णः सर्वत्र’, म्हणजे ‘न’चा सगळीकडे ‘ण’, असा नियमच देऊन ठेवला आहे. म्हणजे जो ‘पाणी’ आज शुद्धतेची खूण मानला जातो, तो बोलणाऱ्यांच्या तोंडीच बदललेला उच्चार आहे. उलट बाजूही पाहा. कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान, सुवर्णाचं सोनं, उष्णाचं ऊन. इथे मुळातला ‘ण’ जाऊन ‘न’ आला आणि पुण्यातल्या कुठल्याही पेठेत कोणी ‘काण’ किंवा ‘सोणं’ म्हणत नाही. तुमच्या सासूबाईंच्या बोलीनं ‘ण’चा ‘न’ आणखी पुढे नेला, इतकंच. कान म्हणणाऱ्याला पुस्तकात जागा मिळाली आणि पानी म्हणणारीला वर्गासमोर उभं केलं जातं, याचं कारण ध्वनीत सापडत नाही. ते बोलणाऱ्याच्या घरात शोधावं लागतं.

१८१८ला पेशवाई बुडाली. इंग्रजांना शाळांसाठी, कचेऱ्यांसाठी एकसारखी मराठी हवी होती. मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. मदतीला शास्त्रीमंडळी होती. क्रमिक पुस्तकंही अशाच विद्वानांच्या हातून तयार झाली. त्यातले बहुतेक पुणे आणि कोकणातल्या ब्राह्मण घरांतले, कारण तेव्हा लिहिणं-वाचणं प्रामुख्यानं तिथेच होतं. त्यांनी आपल्या घरची भाषा लिहिली. त्यात कुणाचं कपट होतं असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरात अक्षरच पोचू दिलं नव्हतं, त्यांच्या बोलीचा मानही त्या पुस्तकांबरोबर गेला.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कुलकर्ण्यांच्या वाड्यात ‘विहीर’ होती आणि बाकी गावात ‘इहीर’. अंतर दोनशे पावलांचं. आमची माणसं रोज वाड्यात कामाला जायची, दिवसभर तीच भाषा कानावर पडायची, तरी ती जिभेवर आली नाही. असं का, याचं उत्तर मला पुढे भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांच्या १९५८च्या लेखात मिळालं. उत्तर प्रदेशात सहारनपूरजवळच्या खालापूर गावात राहून त्यांनी कोणत्या जातीची माणसं कशी बोलतात हे टिपलं होतं. त्यांना दिसलं, की कामाच्या संबंधानं बोली जवळ येत नाहीत. मुलं कुणाबरोबर खेळतात, मोठी माणसं कुणाच्या ओट्यावर बसून गप्पा मारतात, यावर ते ठरतं. वाड्यात आम्ही कामाला होतो, पंगतीला नव्हतो.

हे सगळं मुलीला आजच सांगायची गरज नाही. पण दोन गोष्टी करा. लिहिताना ‘पाणी’च लिहायचं, हे तिला स्वच्छ सांगा, लेखनाचा नियम सगळ्यांना एक असतो आणि त्याचे गुण जातात. स्पर्धेत प्रमाण उच्चार करायचा असेल तर तोही शिकू दे, तेरा वर्षांच्या जिभेला तो महिन्याभरात येतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिला आजीकडून मोटेचं वर्णन ऐकायला लावा. धाव म्हणजे काय, नाडा कुठे बांधायचा, थारोळ्यात पाणी पडताना आवाज कसा यायचा. वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, हे माती हातात घेऊन कसं ओळखायचं, तेही विचारू दे. आजीनं सांगावं तिच्या बोलीत आणि लेकीनं तेच भाषणात सांगावं शाळेच्या भाषेत. हे शब्द तिच्या बाईंकडे नसतील.

बाईंना मात्र एकटं गाठून भेटा, भांडायला नको. ‘घरी कोण बोलतं’ हा प्रश्न मुलीला काय करून गेला, एवढं सांगा. मीही तीस वर्षं शिकवलं आहे. पहिली काही वर्षं मीसुद्धा मुलांना असंच टोकत होते आणि मला थांबवणारं कोणी भेटलं नाही.

आणि पालकसभेला आजींना न्या.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला, सध्या पुण्यात. स्पर्धा परीक्षेची मुलाखत दोन महिन्यांवर आली आहे. ‘मला पुस्तक भेटलं’ म्हटलं म्हणून मित्र हसले. तेव्हापासून प्रत्येक शब्द तपासून बोलतो, तर तोंडातून ‘अणेक’, ‘मणापासून’ असं निघतं. काय करावं? — एक विद्यार्थी

उत्तर : तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. ‘अणेक’ अज्ञानातून येत नाही. ते धास्तीतून येतं. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेच दाखवून दिलं. तिथे शब्दातला ‘र’ स्पष्ट म्हणणं प्रतिष्ठेचं. कनिष्ठ मध्यमवर्गातली माणसं सहज बोलताना तो गाळायची, पण शब्दांची यादी वाचायला दिली की वरच्या वर्गापेक्षाही जास्त ‘र’ म्हणायची. वर चढू पाहणाऱ्याचा पाय असाच एक पायरी जास्त टाकतो.

म्हणून सगळे शब्द तपासणं आजपासून बंद कर. मुलाखतीपुरतं वस्तू ‘मिळते’ आणि माणूस ‘भेटतो’, एवढं सांभाळ. ज्या दहा-बारा शब्दांत ‘ण’ हवा ते लिहून काढ, रोज मोठ्यानं म्हण. त्यापलीकडचं जसं येतं तसं येऊ दे. बोलायचा वेग थोडा कमी कर आणि वाक्य पूर्ण कर. तुझ्या भागातल्या पाण्याबद्दल विचारतील. टँकर किती दिवसांनी येतो, बोअर किती फुटांवर गेली, घरातलं कोण रांगेत उभं राहतं, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. ते सांगताना ‘पानी’ निघालं तर मागे फिरून शब्द दुरुस्त करू नकोस, पुढे बोलत राहा.

निकाल लागला की कळव.