रोज एक ग्लास वाइन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे वय ५२ असून आजवर मी मद्याला शिवलेलो नाही. रेड वाइन हृदयाला चांगली असते असे ऐकले. रात्री एक ग्लास सुरू करू का?

उत्तर : करू नका. फ्रान्समधील लोक लोणी आणि चीज भरपूर खात असूनही हृदयविकाराने तुलनेने कमी का दगावतात, या कोड्याचे उत्तर सर्ज रेनो आणि मिशेल द लोर्जेरिल या संशोधकांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वाइनकडे बोट दाखवून दिले, आणि तो समज घरोघर रुजला. पुढच्या अनेक पाहण्यांत बेताने पिणाऱ्यांची प्रकृती न पिणाऱ्यांपेक्षा बरी दिसली खरी. पण या ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे मद्य सोडलेलेही मोजले गेले होते, तर बेताने पिणारे बरेचदा खाऊनपिऊन सुखी आणि नियमित व्यायाम करणारे होते. हा फरक लक्षात घेऊन आकडे पुन्हा तपासले की फायदा कमी कमी होत जातो. याचा निकाल लावू शकेल अशी मोठी चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती, परंतु मद्यउद्योगाच्या पैशामुळे तिच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका निर्माण झाली आणि २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली, याची मला आजही हळहळ वाटते. हृदयासाठी काही करायचेच असेल, तर रक्तदाब तपासून घ्या आणि रोज चाला.

प्रश्न : पण द्राक्षांच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या हृदयाला चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या घटकाचे काय?

उत्तर : एक लिटर रेड वाइनमध्ये ते सहसा काही मिलिग्रॅमच असते, आणि माणसांवरील प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम दिले जाते. द्राक्षे खावीत.

प्रश्न : मी दिवसाला एकच ग्लास घेते. आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. एवढ्याने काय होते?

उत्तर : आधी ग्लास मोजू या. तुमच्या नेहमीच्या ग्लासात नेहमीइतके पाणी ओता आणि ते मापात घाला. प्रमाण ग्लास १५० मिलीचा धरतात, म्हणजे १२ टक्क्यांच्या वाइनमधून सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल. मोठ्या ग्लासात मात्र सहज २५० मिली मावते आणि अल्कोहोल २४ ग्रॅमच्या आसपास जाते. शरीरात त्याचे अॅसिटाल्डिहाइड बनते, जे पेशींतील डीएनएला इजा करते. शिवाय अल्कोहोलमुळे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाणही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातील, म्हणजे निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या मद्यानेही वाढतो, आणि वाइन, बिअर किंवा व्हिस्की असा भेद त्यात नाही. एका ग्लासामुळे एका स्त्रीच्या धोक्यात पडणारी भर लहान असते, तेव्हा आजवर घेतलेल्याचा धसका घेऊ नका. तरीही आईचा आजार पाहता तुम्ही वाइन पूर्ण बंद करावी, असे मी आग्रहाने सांगेन, आणि तपासणी किती वर्षांनी करायची हे आपल्या डॉक्टरांना नक्की विचारा.

प्रश्न : वाइन घेतल्यावर झोप पटकन लागते, मात्र पहाटे तीनला जाग येते. झोपेची गोळी घ्यावी का?

उत्तर : वाइनसोबत मुळीच नाही; दोन्हींनी श्वास मंदावतो आणि एकत्र घेतल्यास जिवावर बेतू शकते. अल्कोहोल सुरुवातीला गुंगी आणते, पण ते रक्तातून उतरू लागले की उत्तररात्रीची झोप तुटक होते. म्हणजे तुमची पहाटेची जाग बहुधा वाइनमुळेच येते. दोन आठवडे वाइन थांबवा आणि जाग येण्याची वेळ रोज लिहून ठेवा. त्यानंतरही झोप लागली नाही, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.