लघुपटासाठी शॉटचे किती प्रकार शिकावे लागतात?

आजी आणि नातवावरची छोटी फिल्म तुम्ही मोबाइलवर करताय आणि शॉटचे सगळे प्रकार आधी शिकायला हवेत का, असं विचारलंय. पाच-सहा पुरेत. प्रत्येक वेळी फक्त एवढं ठरवा, की या क्षणी प्रेक्षकाला काय दिसायला हवं.

मी बडोद्यात हौशी मंडळींच्या लघुपटांचं चित्रीकरण करतो. इथला गरबा मैदानात उभं राहून टिपला, तर फ्रेममध्ये नुसत्या पाठी येतात. एकात एक फिरणारी रिंगणं दिसतात ती गच्चीवरूनच. पण गच्चीवरून कुणाचा चेहरा वाचता येत नाही, त्यासाठी खाली उतरावं लागतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, हे असं ठरतं.

लाँग शॉटमध्ये माणूस डोक्यापासून पायांपर्यंत आणि भोवतीची जागा येते. मिड शॉट कमरेपासून वर. बोलणं आणि हातवारे दोन्ही त्यात मावतात, म्हणून फिल्मचा बराच भाग तोच उचलतो.

क्लोजअप मात्र जपून वापरा. आजीचा चेहरा पहिल्यापासून जवळून दाखवलात, तर ती पत्र वाचून गप्प होते तेव्हा आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. शिवाय मोबाइलची मुख्य लेन्स वाइड, म्हणजे रुंद भाग टिपणारी असते. ती चेहऱ्याजवळ नेली की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स असेल तर दोन पावलं मागे सरून ती वापरा. कधी चेहऱ्याऐवजी झोपाळ्याची कडी घट्ट धरलेला हात दाखवला, तरी पुरतं.

दोघांच्या संवादात आधी पूर्ण प्रसंग मास्टर शॉटमध्ये, म्हणजे दोघंही दिसतील अशा एकाच सलग शॉटमध्ये घ्या, मग एकेकाच्या खांद्यावरून. दोघांना जोडणारी एक रेषा मनात आखा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडली की दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघताहेत असं वाटतं. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडायचे असतील, तर कोन निदान ३० अंशांनी बदला, नाहीतर कट झटका देतो.

दादासाहेब फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये कॅमेरा बहुतेक एका जागी उभा आहे आणि पात्रं नाटकासारखी पूर्ण दिसतात. ही पद्धत जुनी म्हणून टाकून देऊ नका. नातू दारातून चालत कॅमेऱ्याजवळ येऊन बसला, की एकही कट न घेता लाँग शॉटचा मिड शॉट होतो आणि त्याचं येणंही जाणवतं. मला हे फार आवडतं. ड्रोन आणि तिरक्या फ्रेम सध्या राहू द्या.

शूटिंगच्या आदल्या दिवशी घरातल्याच कुणाला जागेवर बसवून प्रत्येक शॉटचा फोटो काढा आणि ते फोटो क्रमाने एखाद्या मित्राला दाखवा. संवाद न सांगता त्याला गोष्ट कुठे तुटली असं वाटलं, तिथला शॉट बदला.